संयुक्त पाहणी

साक्षीदार क्रमांक दोन. पुरुष, वय एकसष्ट. व्यवसाय : फरशी बसवणे. ठेकेदारातर्फे हजर. प्रतिपक्षाशी नातेसंबंध : निरंक.

इमारत रुग्णालयाची. तळमजल्यावरच्या दालनाची फरशी वाजू लागली, म्हणजे खालून पोकळ झाली. मालक म्हणे, बसवणाऱ्याचा दोष. ठेकेदार म्हणे, जमीनच खचली. प्रकरण लवादाकडे गेलं. ठेकेदाराच्या वकिलांनी साक्षीदारांना बजावलं, "मालकाच्या माणसांशी अवाक्षर बोलायचं नाही."

मालकाचा इंजिनिअर हा या साक्षीदाराचा सख्खा जावई. वकिलांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. बजावलेलं मात्र इतकं मनावर घेतलं, की लेकीकडे जाणंच सोडलं. जावई समोर आला तर बोलणं होणार, आणि बोललं तर ठेकेदार बुडणार, असा यांचा सरळ हिशेब.

लेक फोनवर चिडायची. "बाबा, पोर चालायला लागली! तुम्ही अजून पाहिलीही नाहीत."

"वकील नको म्हणालेत."

"मग वकिलांनाच बसवा मांडीवर नातीला."

तारखांवर तारखा पडून एकदाची संयुक्त पाहणी ठरली. लवाद, दोन्हीकडचे वकील, आणि हातात पॅड घेतलेला जावई. हे उकिडवे बसून हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकत सरकत होते. "ही भरीव. ही पोकळ. हीपण पोकळच." आपल्या वकिलांच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. जावई मान खाली घालून लिहीत होता.

दालन संपलं, मंडळी चहाकडे वळली. हे उठले नाहीत, कारण गुडघे उठू देईनात.

जावयाने पॅड जमिनीवर ठेवलं आणि त्यांच्या काखेत हात घातले. "उठा, मामा."

"वकिलांना विचारलंत का, जावईबापू?"

"विचारतो. आधी उठा."

उभे राहिल्यावरही त्यांनी जावयाचा दंड सोडला नाही. जरा वेळाने म्हणाले, "पोरगी एक पाय घासत चालते. बूट मोठा होतोय तिला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फोनवर ऐकू येतं की. दुसरं काय करतो मी?"

जावयाने मोकळ्या हाताने त्यांच्या गुडघ्यावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "बघायला या ना."

"केस संपू दे."

"तोवर ती कॉलेजात जाईल, मामा."

इतिवृत्तात पोकळ फरश्यांची नोंद आहे. बाकी काही नाही. दावा अजून चालू आहे.

साक्षीदार क्रमांक दोन दर रविवारी प्रतिपक्षाकडे जेवतात आणि तिथेच आडवे होतात.