खोबरेलाच्या रेघा

मथुरा नागवेकरविषयी आत्मारामला खरं तर फार थोडं ठाऊक होतं. मिरकरवाड्याच्या बाजूला आजारी मावशीजवळ राहते, डबा कधी एकटी खात नाही, आणि कुणी घरचं विचारलं की हसून दुसरंच काही बोलते, एवढंच. प्रयोगशाळेत दोघांची टेबलं शेजारी शेजारी. तरी तिला भाऊ आहे की नाही, हेसुद्धा त्याने कधी विचारलं नाही. तो त्याचा स्वभावच नव्हता. मशीनपुढे बसलेली मथुरा मात्र त्याने पोटभर पाहिली होती.

रत्नागिरीतल्या त्या औषधांच्या कारखान्यात सत्याऐंशी साली मास स्पेक्ट्रोमीटर आला. पदार्थाच्या रेणूंचे तुकडे करायचे आणि कुठल्या वजनाचे किती निघाले ते कागदावर रेघांनी दाखवायचं, हे त्याचं काम. मथुरा तो चालवायची. वयाने मोठा असून आत्माराम तिच्या हाताखाली. इथल्या खाऱ्या, दमट हवेत असलं यंत्र टिकायचं नाही, ते मुंबईला हलवा, असा मुंबईच्या ऑफिसचा पहिल्यापासून धोशा होता. मशीन गेलं की मथुराची नोकरीही गेली. मावशीला सोडून ती मुंबईला जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नेहमीची देखभाल निघाली. पंपाचं तेल बदललं. आयन सोर्स, म्हणजे आत जिथे रेणू फुटतात तो भाग, मथुराने सुटा करून धुतला आणि परत जोडला. मग ट्यूनिंग. ठरावीक द्रव आत सोडायचा आणि त्याच्या रेघा ठरल्या जागी, ठरल्या उंचीच्या येईपर्यंत व्होल्टेज जुळवत राहायचं. पण रेघा येईनात. आल्या त्या खुरट्या, आणि भोवती नको त्या रेघांचं रान माजलेलं.

प्रयोगशाळेचे प्रमुख पेडणेकर साहेब दारातूनच म्हणाले, "नागवेकर, मुंबईहून फोन होता. सोमवारपर्यंत लागलं नाही तर मशीन भरायला खोकी पाठवतायत."

"लागेल साहेब."

"कशावरून?"

"अजून सगळं तपासून संपलेलं नाही, म्हणून."

आधी तिने गळती शोधली. बाहेरची हवा आत शिरली की नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेघा वाढतात. त्या वाढल्या नव्हत्या. तरी एकेका सांध्यावर तिने ॲसिटोनचा थेंब सोडला, फट असली तर तो आत ओढला जाऊन त्याची रेघ उमटते, आणि आत्मारामला कागदावर नजर ठेवायला बसवलं. काही नाही. पंपाचं तेल उलटं मशीनमध्ये शिरलं असेल, असं आत्मारामला वाटलं. पूर्वी एकदा तसं झालं होतं, तेव्हाचा कागद काढून तिने शेजारी ठेवला. "त्या तेलाच्या रेघांची चाल वेगळी असते. बघा." तिच्या जागी आत्माराम असता तर खाऱ्या हवेला दोष देऊन केव्हाच मोकळा झाला असता. सबब आयतीच होती. तिने ती घेतली नाही.

शनिवारी दुपारी ती एका कागदापाशी थबकली. साठ आणि त्र्याहत्तर वजनांच्या रेघांवर बोट ठेवून म्हणाली, "आत्मारामभाऊ, हे खायच्या तेलातलं आम्ल दिसतंय. खोबरेलासारखं."

"मशीनला खोबरेल कोण घालील? त्याचे केस का विंचरायचेत?"

ती हसली नाही. स्वतःचे तळवे बघत राहिली. तेव्हा त्यालाही आठवलं. देखभालीच्या दिवशी त्याने घरचा कापा फणस आणला होता. चीक चिकटू नये म्हणून हातांना खोबरेल चोळून तो फोडला होता मथुराने. गरे वाटून झाल्यावर तिने हात फडक्याला पुसले आणि हातमोजे घालून सोर्स जोडायला बसली. पण मोजे चढवतानाच तेलकट बोटं त्यांना बाहेरून लागली होती.

"माझ्याच हातचं," ती म्हणाली.

आत्माराम हळू आवाजात म्हणाला, "गुपचूप धुऊन टाका बाई. साहेबांना गळती सांगा. कोण बघायला येतंय?"

"उद्या मी नसले नि असंच झालं, तर तुम्ही गळतीच शोधत बसाल. नको."

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"म्हणजे फणसाने मशीन अडवलान?" साहेबांचा आवाज आला.

"फणसाने नाही. मी."

"मुंबईला हे असंच सांगू?"

"असंच सांगा. आणि इथल्या हवेचा काही दोष नव्हता, तेही सांगा."

आतून फोन फिरवल्याचा आवाज आला.

तिने सोर्स पुन्हा सुटा केला, एकेक तुकडा धुऊन भट्टीत सुकवला आणि नवे मोजे घालून चिमट्याने जोडला. रविवारभर पंप चालू ठेवला. सोमवारी सकाळी रेघा आपापल्या जागी उभ्या राहिल्या, आणि खोकी आलीच नाहीत. तेव्हापासून त्या खोलीत पाऊल टाकणाऱ्याला ती एकच प्रश्न करी. साहेबांनाही तो चुकला नाही.

आत्माराम निवृत्त झाला त्या दिवशी नारळ घेऊन तो तिच्याकडे गेला. बोलायची चार वाक्यं त्याने घरून जुळवून आणली होती. ती सोर्सवर वाकलेली होती. मान वर न करता म्हणाली,

"हात धुतलेत?"

"धुतले."

"मग तो चिमटा द्या इकडे."