गिळलेली ओळ

कचेरीत तिला सगळे भिंग म्हणायचे. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला जो कागद आपण न वाचताच फेकतो, त्याच्या छपाईसाठी लागणाऱ्या संगणकावरच्या एक्सएमएल फाइली ती तयार करायची, तेही डोळ्यांत तेल घालून. अशा माणसाच्याच हातून चूक व्हावी, हा नशिबाचा खवचटपणा.

‘पेक्षा कमी’ची खूण त्या फाइलीत उघडी लिहीत नाहीत, कारण ती दिसली की यंत्राला वाटतं, आपल्यासाठीची, न छापायची सूचना सुरू झाली. म्हणून तिच्या जागी अक्षरांचं एक टोपणनाव लिहितात, एंटिटी म्हणतात त्याला, आणि फाइल पुढच्या यंत्राकडे जाईपर्यंत ते तसंच राखतात. पण पडद्यावर ती टोपणनावं दिसली की साहेबांचं डोकं उठायचं. "हा काय कचरा? साफ करा बरं!" भिंगला धोका कळत होता, तरी रोजची कटकट नको म्हणून तिने एकदा मान तुकवली. टोपणनावांच्या जागी उघड्या खुणा आल्या, पान लख्ख दिसलं आणि कागद छापून गेले.

एका दुपारी लेकीचा फोन आला. बाळ तापाने फणफणलं होतं.

"आई, खोक्यातल्या कागदावर दीड चमचा लिहिलंय. देऊ ना?"

"दीड? अगं, आठ किलोचंही नाही ते! आधीची ओळ वाच."

"आधीची ओळच नाहीये. ‘वजन दहा किलो: दीड चमचा’, एवढंच आहे."

भिंगला तो कागद आठवला, तो तिनेच तयार केला होता. दहापेक्षा कमी असेल तर अर्धा, जास्त असेल तर दीड, असं हवं होतं. पुढच्या यंत्राने ‘पेक्षा कमी’च्या खुणेपासून ‘पेक्षा जास्त’च्या खुणेपर्यंतचं सगळं सूचना समजून गिळलं होतं. उरलेलं वाक्य इतकं साळसूद होतं की कोणाला शंकाही आली नाही.

"अर्धाच दे!" ती ओरडली. "आणि लगेच डॉक्टरांना विचार."

मग तिने साहेबांना सगळं सांगितलं.

"बाळ ठीक आहे ना? मग झालं तर," साहेब म्हणाले. "पुढच्या छपाईत सुधारू. गावभर कशाला करता? नोकरी तुमचीच जाईल."

"जाऊ दे. माझ्या लेकीला विचारायला मी होते, साहेब. बाकीच्या आया तो कागद वाचून चमचा भरताहेत."

तिने त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलून औषध कंपनीला लावला. आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग चूक. पलीकडचा माणूस कुठली खोकी ते विचारून यादी चाळू लागला. मग म्हणाला, खोकी कधीच दुकानांत गेली, आणि दुकानांतून घरांत.