देवाच्या पैशांचा टॅक्स

एखाद्याच्या पैशातून आपण पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावाने थोडंसं कापत आलो, तर ते पैसे नक्की कोणाचे? मी बी.कॉम. झालेय, घरातली पहिली ग्रॅज्युएट... पण याचं उत्तर मला अजूनही देता येत नाही.

अकोल्यात आमचं कापूस खरेदीचं छोटं दुकान आहे. कापूस काट्यावर मोजून झाला की बाबा शेतकऱ्याला हिशोबाची चिठ्ठी देतात, तिला आम्ही पट्टी म्हणतो. प्रत्येक पट्टीत शेवटी एक ओळ असायची... धर्मादाय. क्विंटलमागे दोन-तीन रुपये कापायचे, धर्माच्या कामासाठी.

घरात सांगतात की ही रीत खापरपणजोबांची. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत अमरावतीकडून इतक्या बैलगाड्या यायच्या की त्यांनी रस्त्याकडेला बैलांसाठी हौद बांधला, आणि त्याच्या खर्चाला गाडीमागे काही घेऊ लागले.

हौद कधीच गेला. बाबा उन्हाळ्यात पाणपोई चालवायचे, ती लॉकडाऊनमध्ये बंद पडली ती पडलीच. कापणं मात्र चालू राहिलं. अमरावतीच्या होस्टेलवरून सुट्टीत घरी आले की पट्ट्या मीच लिहायचे, ती ओळही मीच भरायचे... पैसे जातात कुठे, असं कधी विचारलं नाही.

जात कुठेच नव्हते. दुकानाच्याच खात्यात होते, फक्त वही वेगळी. हंगामात रोकड कमी पडली की बाबा त्यातूनच खरेदी करायचे आणि आमच्याकडून कापूस घेणाऱ्या जिनिंगवाल्याचे पैसे आले की परत ठेवायचे.

मग इन्कम टॅक्सची नोटीस आली. सुनावणी व्हिडिओ कॉलवर होती, तरी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. ही रक्कम कोणाची, असं साहेबांनी विचारलं.

"देवाची, साहेब."

"देवाचा पॅन नंबर आहे का?"

मला हसू आलं. बाबांना नाही. महिन्याभरात ऑर्डर आली... पैसे तुम्ही धंद्यात वापरता, म्हणजे ते तुमचं उत्पन्न. इतक्या वर्षांचा टॅक्स भरा, वर व्याज.

रक्कम मोठी होती, पण झेपली नसती अशी नव्हती. बाबा वेगळ्याच गोष्टीवर अडून बसले. "भरला तं मी कबूलच केलं ना, का ते माह्ये पैसे होते म्हनून! मी काय चोर आहो काय?" सहा महिने हेच. व्याज चढत राहिलं, आणि शेवटी 'आता बँक खातं गोठवू' असं पत्र आलं. ऐन हंगामात खातं गोठलं असतं तर शेतकऱ्यांना पैसे कुठून देणार? दुकान संपलंच असतं.

आमच्या टॅक्स सल्लागार काकांनी रस्ता काढला. एका गोशाळेच्या मागच्या तारखांच्या पावत्या आणायच्या, दान केलं असं दाखवायचं आणि अपील करायचं. बाबा म्हणाले, "पाहू."

ज्या माणसाने वजन मारायला काट्यावर कधी बोट ठेवलं नाही, तो 'पाहू' म्हणाला... नोटिशीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मला वाटलं, खरेच साक्षीदार आणू. हे पैसे आम्ही धर्मासाठीच दिले, असं शेतकऱ्यांनी लिहून दिलं तर? रविवारी पट्ट्यांच्या दुकानात राहणाऱ्या स्थळप्रती घेऊन मी दर्यापूरकडच्या एका गावी गेले. तिथल्या शांताकाकू आमच्या काट्यावर बाबांच्या लग्नाआधीपासून येतात. मी सगळं समजावून सांगितलं. काकू हसायलाच लागल्या.

"देवाचे? बाप्पा! आमाले तं वाटे ते तुह्या बापाचंच कमिशन हाय. बाकीचे वजनात मारते, तुहा बाप लेखी मारते. म्हनून तं त्याच्याच काट्यावर येतो आमी."

त्यांनी कौतुक केलं की कानाखाली दिली, मला कळेना. चहा पिऊन परत आले.

बाबांना शब्द न् शब्द सांगितला. धर्माचे पैसे सांभाळणारा म्हणून जे नाव जपायला ते सहा महिने झगडत होते, ते नाव लोकांनी त्यांना कधी दिलंच नव्हतं. आणि तरीही लोक येत होते... दुसऱ्या दिवशी त्यांनी सल्लागार काकांना फोन करून सांगितलं, "पावत्या राहू द्या."

अपील केलं नाही. मी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर हप्त्यांसाठी अर्ज केला, तो मंजूर झाला आणि खातं गोठायचं टळलं. पहिलं चलान घरच्या पैशातून भरलं, वहीतल्या रकमेला हात लावला नाही.

मग मी स्थळप्रतींवरून प्रत्येकाचे किती कापले याची यादी केली. या हंगामात पट्टीत कापायच्या जागी ज्याचे जितके निघाले तेवढे रुपये त्याच वहीतून वाढवून द्यायला लागलो. पहिल्याच दिवशी एक म्हातारबा चिठ्ठीकडे बघत बाबांना म्हणाले, "काहो, इलेक्शनले उभे राहून राहिले काय?" सहा महिन्यांत बाबा पहिल्यांदा खळखळून हसले.

आधी टॅक्स भरून पैसे आमचे ठरवायचे आणि मग ज्यांचे त्यांना वाटून टाकायचे... कायद्याच्या पुस्तकात हे बसतं का, ठाऊक नाही. शांताकाकूंचे मात्र आभार. त्या गोड बोलून 'देवाचेच' म्हणाल्या असत्या तर बाबा हट्ट सोडते ना, आणि आम्ही खोट्या पावत्या लावून बसलो असतो.

ज्यांनी कापूस सोडून सोयाबीन धरलं, ते आता आमच्याकडे येत नाहीत. त्यांचे पैसे मी घरोघर नेऊन दिले. यादीतले शेवटचे एक आजोबा अमरावतीला मुलाकडे राहतात. काल एसटीने जाऊन त्यांचे एकशे बारा रुपये त्यांच्या हातावर ठेवले आणि वही बंद केली.