अडीच बोटं आत

तासगावच्या जुन्या बाजारामागच्या बोळात लालासाहेब सुतारांचं लेथचं दुकान आहे. लालामिस्त्री म्हटलं की कुणीही बोट दाखवतं. चाळीस वर्षं ते लेथवर लाकूड फिरवतात आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावून खांब, खुरे, लाटणी काढतात. त्यांचं नाव झालं ते देव्हाऱ्याच्या खांबांनी. वीतभर उंचीचा सागवानी खांब, त्यावर वाटाण्याएवढे मणी, आणि दोन मण्यांमध्ये इतका बारीक, इतका खोल गळा, की तिथे दोरा गुंडाळला तर दिसेनासा व्हावा.

अलीकडे मात्र ते असे गळे कोरत नव्हते. गिऱ्हाईक मागत नाही, लाकूड पूर्वीचं राहिलं नाही, असं सांगायचे. सांगता सांगता ते त्यांनाही खरं वाटायला लागलं होतं.

दुकानाच्या मागच्या बाजूला धार लावायचा दगड होता. पाण्याच्या हौदात अर्धा बुडालेला, गोल, फिरता. सांगलीच्या ज्या वस्तादांकडे ते शिकले, त्यांनी दुकान बंद करताना तो दगड आणि त्याच्यापुढची फळी लालासाहेबांना दिली. फळीत एक खळगा कोरलेला होता. पटाशीची मूठ त्या खळग्यात टेकवायची आणि पातं दगडावर ठेवायचं. मूठ हलत नाही, म्हणून धारेमागचा उतार रोज तोच पडतो. सकाळी लावलेली धार आणि महिन्यानं लावलेली धार यांत केसाचा फरक नाही. "जागा बदलायची न्हाई," वस्ताद म्हणाले होते, आणि लालासाहेबांनी ती कधी बदलली नाही. दगडही बदलला नाही. वस्तादांच्या हाताचा दगड बदलायचा, हा विचारच त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

बारा वर्षांपूर्वी, खंडेनवमीच्या सकाळी, हत्यारांची पूजा मांडताना ते दगडाला हळदकुंकू लावायला वाकले आणि त्यांना फळीत दुसरा खळगा दिसला. पहिल्यापासून दोन-तीन बोटं आत, दगडाच्या बाजूला. ताजा कोरलेला.

"ह्यो कुणी पाडला?"

जयराज, त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दहा वर्षं बापाच्या हाताखाली होता, आणि गळा कोरायला गेला की शेजारचा मणी हमखास ठेचत होता. तो फुलांची परडी हातात घेऊन पुढे आला.

"मी, आबा. दगड झिजला. पटाशी झिजली. खळगा तेवढा जागंवर हाय. उतार आखूड झालाय, धार जाड झालीया. कंपासपेटीतल्या कोनमापकानं बघितलं मी, पन्नास अंशावर गेलाय. गळ्यात शिरायला पस्तीसच्या आत पायजे."

दुकानात तेव्हा दोन बेदाण्याचे व्यापारी बसले होते. त्यांतला एक हसला. "मिस्त्री, पोरगं मास्तर झालं की तुमचं."

लालासाहेबांच्या हातातली कुंकवाची वाटी तशीच राहिली. "दहा वर्सं शिकवतोय," ते म्हणाले, फार हळू, "एक मणी धड न्हाई. हत्याराला काय झालं न्हाई, जया. तुला हातच न्हाई."

जयराज भांडला नाही. पुष्कळ दिवस अडलेला हिशेब कुणी सोडवून द्यावा तशी त्यानं मान हलवली. त्याच आठवड्यात तो महाबळेश्वरला गेला आणि टॅक्सी चालवू लागला. लालासाहेबांनी सागाचा एक तुकडा ठोकून नवा खळगा बुजवला. वर्षातून दोनदा जयराज आईला भेटायला यायचा. दुकानात पाऊल टाकायचा नाही, आणि कुणी टाक म्हणायचंही नाही.

यंदा दिवाळीनंतर कवठे महांकाळहून राजेश्वरीबाई आल्या. सव्वीस वर्षांपूर्वी लालासाहेबांनी केलेला देव्हारा नव्या घरात नेताना पडला होता. आठांतले दोन खांब मोडले होते. वास्तुशांत दहा दिवसांवर होती.

"दुसरीकडं न्हाई दाखवला मी," त्या म्हणाल्या, आणि न मोडलेला एक खांब नमुन्याला ठेवून गेल्या. "तुमचा हात लगेच कळतोय. येगळा लागला की डोळ्याला खुपंल."

लालासाहेबांनी पहिला खांब घेतला. मणी छान उठले. गळ्यात शिरताना पटाशीचा गाल शेजारच्या मण्यावर घासला आणि मणी ठेचला. त्यांनी लाकडाला नाव ठेवलं. दुसरा खांब जुन्या, वाळलेल्या सागाचा घेतला. तोही तसाच. चौथा खांब बिघडला तेव्हा त्यांनी लेथ बंद केला.

मग त्यांनी नमुन्याचा खांब उचलला आणि त्याच्या गळ्यात पटाशीचं टोक घातलं. ते निम्म्यावर अडलं. त्यांनी फिरवून पाहिलं, दुसऱ्या गळ्यात घालून पाहिलं. सव्वीस वर्षांपूर्वी ह्याच हातांनी कोरलेल्या वाटेत त्यांची पटाशी मावत नव्हती.

ते दगडापाशी जाऊन उभे राहिले. पूर्वी दगड फळीला भिडायचा. नख घालायलाही जागा नसायची. आता मध्ये अख्खा पंजा गेला. रोज इतका थोडा झिजला की रोज बघणाऱ्याला दिसलाच नाही. जयाचं वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवलं. बारा वर्षं ते कुठे होतं कोण जाणे.

त्यांनी बुजवलेल्या खळग्यातला तुकडा ठोकून काढला, मूठ तिथे टेकवली आणि धार लावली. पटाशी गळ्यात शिरली. तळाशी थोडंसं राहिलं, ते टोकानं खरवडून निघालं. दोन्ही खांब दुपारच्या आत झाले.

राजेश्वरीबाई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी नवे खांब नमुन्याच्या खांबाशेजारी धरले. बघत राहिल्या. "ओळखू येईनात की," त्या म्हणाल्या. "हात हाय तो हात हाय, मिस्त्री."

त्या गेल्यावर लालासाहेबांनी शालूबाईंना, म्हणजे जयराजच्या आईला, सांगितलं, "उद्या पहिल्या गाडीनं जयाकडं जातोय."

"आवं, पण काय झालं?"

"त्येचं बरोबर होतं," ते म्हणाले. दगड-खळग्याचं शालूबाईंना काय ठाऊक असणार. पण पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ चुलीपाशी बसून राहिल्या.

कराड, सातारा असं करत एसटीनं महाबळेश्वर गाठेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. वाटभर ते वाक्य जुळवत होते. टॅक्सीस्टँडवर जयराज गाडीची काच पुसत होता. बापाला बघून त्याचा हात थांबला.

"आबा? आई बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. बस जरा."

दोघं कठड्यावर बसले. जुळवलेलं सगळं विसरलं होतं. लालासाहेबांनी सरळच सांगितलं, खांबांचं, अडलेल्या पटाशीचं, दगडाचं. "तुझ्या खळग्यात लावली धार. मग शिरली."

"तळाला राहिलं असंल थोडं," जयराज म्हणाला. त्याची नजर दरीकडे होती. "मी अडीच बोटं आत घेतला हुता. बारा वर्सांत दगड आनकी झिजला असनार. आता अर्धं बोट आनकी आत घ्याय लागंल."

लालासाहेब म्हणाले, "तुला हात हुता, जया. चूक माझी हाय. बारा वर्सं चूक माझीच हाय."

"असं म्हनू नका."

"खरं तेच म्हनतोय."

"म्हनूनच नका म्हनू." जयराजनं फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "आबा, हात न्हाई म्हनून सुटलं, असं धरून चाललो मी. जमत नव्हतं ते सोडलं, त्यात काय एवढं. त्यावर मला झोप लागतीया. आता तुमी म्हनता हात हुता. मग ही बारा वर्सं मी कुटं ठिवू?"

"परत ये. दुकान तुझंच हाय."

"चाळिशीला आलो, आबा. आता कुनाचा हात नि काय."

पलीकडून एका कुटुंबानं हाक मारली. त्यांना सूर्यास्त बघायला जायचं होतं. जयराज उठला, वाकून बापाच्या पाया पडला आणि शेजारच्या गाडीतल्या माणसाला म्हणाला, "धुळा, साताऱ्याला रिकामाच चाललाईस न्हवं? माझ्या वडलांना घिऊन जा. सावकास ने, त्यास्नी गाडी लागती." मग तो आपल्या गिऱ्हाइकांसाठी दार उघडायला गेला. वळून बघितलं नाही.

धुळा बोलका होता. केळघरचा घाट उतरता उतरता त्यानं चार वळणांत आपलं सगळं घर सांगून टाकलं. मग विचारलं, "बाबा, तुमी काय करता?"

"सुतार हाय. लेथवर खांब काढतो."

"काय सांगता." धुळानं आरशातून त्यांच्याकडे बघितलं. "जयराज सुताराच्या घरचा? गड्यानं कवा सांगितलंच न्हाई. आन् स्टँडवर बाकड्याचा पाय मोडला तवा म्हटलं, जया, खिळा तरी धर. तर धरीना. म्हनला, आमाला हात न्हाई बाबा. तवापासनं समदी त्येला तसंच चिडवत्यात. काय बी उचलायचं झालं की, जयाला सांगू नका, त्येला हात न्हाई. त्यो बी हसतो. आदी त्योच म्हनतो."

गाडी वळणावर कलली. लालासाहेबांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

"हाय," ते म्हणाले. "हात हाय त्येला. माझ्यापरीस चांगला हाय."

धुळा हसला. "आवं, बापाला तसंच वाटनार, बाबा," तो मायेनं म्हणाला, आणि पुढच्या वळणासाठी त्यानं हॉर्न वाजवला.