निशानातला न

मोरेश्वरअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सातपाटीला, आमच्या ओट्यावर. वाळत घातलेले बोंबील काढण्याचा दिवस होता. माझे मालक लक्ष्मण नाखवा यांना पोलिसांनी नेलं त्याला एकवीस दिवस झाले होते. त्या एकवीस दिवसांत आमच्या दारात कोणी आलं नव्हतं. शेजारची जनाबाय तेवढी कुंपणापलीकडून विचारायची, "काय गो हिरा, सोरला का तुझ्या नाखव्याला?" आणि उत्तर ऐकायच्या आधी आत जायची. तिलाही भीती होतीच.

अप्पा तेव्हा विधान परिषदेचे आमदार होते. त्याआधी पालघरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं होतं. ड्रायव्हरने नाकाला रुमाल लावून गाडीतून घडीची खुर्ची आणली. अप्पांनी ती परत पाठवली आणि मासळीच्या पालथ्या टोपावर बसले.

मी म्हटलं, "साहेब, मतं मागायची तर पुढच्या आळीत जावा. आमच्या घरात आता एकच उरलंय."

ते म्हणाले, "बाय, मी माफी मागायला आलोय. ज्या कायद्याने नाखव्यांना नेलं, त्याला सभागृहात मी 'होय' म्हणालो होतो."

मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ते तासभर बसले. जाताना म्हणाले, "पुढच्या मंगळवारी येतो." आणि आले. तेव्हापासूनचा हा परिचय.

ज्यांना आमची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जाळं टाकायची जागा समुद्रात नाखव्याला किनाऱ्यावरच्या खुणांवरून ओळखावी लागते. जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू सरळ रेषेत आल्या, की त्या रेषेला आम्ही निशाण म्हणतो. पूर्वी त्यासाठी देवळाचा कळस आणि माड धरायचे. पुढे तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा घुमट उभा राहिला. घुमट लांबून दिसतो, म्हणून नाखव्यांनी तोही धरला. मालकांची सगळी निशाणं डोक्यात होती. नजर अधू व्हायला लागली तेव्हा ते म्हणाले, "हिरा, तू लिवून ठेव. धाकट्या भावाला कामाला येल."

मी शाळेत गेलेले नाही. लग्नानंतर सुकी मासळी बांधायच्या वर्तमानपत्रांवर वाचायला शिकले, त्यामुळे जशी बोलते तशी लिहिते. आमच्या बोलीत ण नाही. आम्ही पाणी पितो ते 'पानी', आणि निशाण म्हणजे 'निशान'. वहीच्या चौथ्या पानावर मी लिहिलं, "घुमट निशानावर आला का जाला सोरायचा." खाली घुमट आणि मागचा डोंगर काढला. मालकांनी मान डोलावली. चित्र बरं आलं होतं.

समुद्रात तपासणी झाली तेव्हा ती वही बोटीत होती. ती वाचणारा अधिकारी बाहेरगावचा होता. त्याने ते हिंदीसारखं वाचलं, घुमट निशाने पर, म्हणजे घुमटावर नेम. 'जाला' म्हणजे आमचं जाळं, पण त्याने त्याचा अर्थ सापळा असा धरला. आरोपाच्या कागदांना माझ्या हस्ताक्षराची झेरॉक्स जोडलेली होती. वहीत माझं नाव नव्हतं. मालकांनी ते सांगितलंही नाही. मी लिहिलंय असं मी पोलिसांना सांगायला गेले, तेव्हा बाकावर बसवून मला संध्याकाळी परत पाठवलं.

अप्पांचे विचार मवाळ होते असं कोणी समजू नये. ते म्हणायचे, "तारापूर-बोईसरला हजारो माणसं राहतात. त्यांच्या राखणीसाठी कायदा हवाच. भीती खोटी नाही." बोईसरच्या एका सभेत ते सुरक्षा आणि नागरिकांचं स्वातंत्र्य यांचा तोल यावर बोलले. मी तिथल्या बाजारात मासळी विकते, म्हणून टोपली घेऊनच गेले होते. सभा संपल्यावर मी म्हटलं, "अप्पा, तराजू मी रोज धरते. एका पारड्यात तुम्ही अख्खा देश ठेवला आणि दुसऱ्यात माझा नवरा. ते पारडं कधी खाली येणार?"

लोक हसले. अप्पा हसले नाहीत. पुढच्या मंगळवारी आले तेव्हा म्हणाले, "तोल हा शब्द मी सोडला, बाय. आता मुदत म्हणणार. सरकारने माणूस पकडावा, पण का पकडला ते त्याच्या घरच्यांना कळेल अशा भाषेत लिहून द्यावं. जप्त केलेलं लिखाण ती बोली जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावं. आणि वर्षात खटला सुरू झाला नाही तर त्याला घरी पाठवावं."

या तीन गोष्टी दुरुस्ती म्हणून त्यांनी सभागृहात मांडल्या. एका कागदावर न आणि एका कागदावर ण, वीतभर मोठे काढून नेले आणि ते हातात धरून समजावलं. मागच्या बाकावरून कोणी ओरडलं, "मास्तर, शाळा सुटली!" सगळे हसले. अप्पा मग म्हणाले, "शाळा सुटली, पण लक्ष्मण नाखवा सुटले नाहीत." दुरुस्ती आवाजी मतदानाने फेटाळली गेली. पुढच्या वेळी पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही. हे मला त्यांनी सांगितलं नाही. बोंबील बांधताना कागदावर वाचलं.

त्यांच्या उपकारांची यादी करायला ते मला परवानगी देणार नाहीत, म्हणून एकच सांगते. मालकांचा चष्मा घरी राहिला होता. तुरुंगात तो आत पोचवण्यासाठी अप्पांनी तीन अर्ज केले आणि चौथ्या वेळी स्वतः दाराशी उभे राहिले. भेटीत मालक म्हणाले, "आता तुझं तोंड दिसतं. बारीक झालीस." त्या सबंध काळात मला मिळालेलं सुख म्हणजे हे एवढंच.

आणि एकदा मी त्यांना म्हटलं, "मला ण शिकवा." ते घुटमळले, पण पाटीवर काढून दिला. मी पाटीभर गिरवला. मग रडू आवरेना. म्हटलं, "हा आधी आला असता तर माणूस घरात असता. माझ्या एका अक्षराने गेला तो."

अप्पांनी पाटी पुसली. म्हणाले, "तुमचं अक्षर बरोबर होतं. तुम्ही बोलता तसं तुम्ही लिहिलं. माझा 'होय' चुकीचा होता. तो पुसायला मला पाटी मिळत नाही."

तिसऱ्या वर्षी मालक तुरुंगातच तापाने गेले. खटला सुरू झालाच नव्हता. त्यांना आणायला अप्पा माझ्याबरोबर आले. आमच्या दारात खांदा द्यायला माणसं येतील का, याची मला धास्ती होती. माणसं लांब उभी होती. अप्पा काठी बाजूला ठेवून वाकले आणि पहिला खांदा त्यांनी दिला. मग जनाबायचा नवरा पुढे आला, मग बाकीचे.

आरोपी मयत म्हणून खटला समाप्त, असा कागद मिळाला. मी कचेरीत विचारलं, "याच्यावर निर्दोष लिवा ना." कारकून भला होता. म्हणाला, "मावशी, तसं लिहिता येत नाही. खटला चालला असता तर लिहिलं असतं." म्हणजे माझे मालक दोषी नाहीत आणि निर्दोषही नाहीत. बाजारात आजही एखादं गिऱ्हाईक मासळी उलटीपालटी करून बघतं, माझं नाव कळलं की ठेवून देतं.

वही अजून मुद्देमालात आहे. ती परत मिळावी म्हणून अप्पांनी अर्ज केला आहे. तारीख पडते, अप्पा जातात, पुढची तारीख घेऊन येतात. वही आली तर मालकांची एवढी एकच खूण माझ्याकडे येईल. अक्षर माझं आहे, पण बोललेले ते आहेत.

सगळं बदलेल असं मला लिहिता येत नाही. कायदा आहे तसाच आहे. अलीकडे एडवणच्या बाजूचा एक माणूस नेला. त्याची बायको पत्ता विचारत माझ्याकडे आली. मी तिला अप्पांकडे घेऊन गेले. अप्पांचे हात आता कापतात. त्यांनी तिला बसवलं, कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "हिराबाय, तुम्ही लिहा. ही सांगते तसंच लिहा. शब्द बदलू नका." मी तसंच लिहिलं. त्याचंही काही होईल असं मला वाटत नाही. अप्पांना वाटतं की नाही, ते मी विचारलेलं नाही.

अप्पांच्या अमृतमहोत्सवाच्या या पुस्तकात शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं, असं समितीच्या मंडळींनी सांगितलं आहे. मी एका माणसासाठी देवाकडे आयुष्य मागून पाहिलं आहे, म्हणून आता देवाकडे मागत नाही. अप्पा, तुमच्याकडेच मागते. गुडघ्यांना तेल लावा, तारखेला उन्हातून चालत जाऊ नका, औषधं चुकवू नका. वही परत येईल त्या दिवशी तुम्ही हवेत. मी वाचलं तर लोक म्हणतील, बायको आहे, वाचणारच. तुम्ही वाचा. बंदरावर, बोटी लागलेल्या असताना, चौथं पान मोठ्याने वाचा. ण मला आता येतो, पण तो तिथे घालू नका. मालक बोलले तसं, निशानच वाचा.

तोपर्यंत तुम्ही जगायचं आहे.