खुडूक नाही, अडलीय

"खुडूक झालीय ती, वन्सं. म्हणून तर बादलीत बुचकळून काढली."

"गार पाण्यात?"

"मग काय, साबण लावून न्हाऊ घालू तिला?"

"अगं, खुडूक कोंबडी फुगून बसते, गुरगुरते, हात नेला की टोचते. ही बघ. शेपूट खाली, डोळे मिटलेले, पाय फाकवून कुंथतेय नुसती. खुडूक नाही, अडलीय ती. अंडं आत अडकलंय."

भावजय वाकून कोंबडीकडं बघू लागली. चूक तिची एकटीची नव्हती. अंडी बंद करून खुराड्यात ठाण मांडणारी कोंबडी गार पाण्यात बुडवायची, हा त्या घरचा जुना रिवाज. बुडवूनही उठली नाही, तर पातेल्यात. बसलेली कोंबडी का बसलीय, हे तिला उचलून बघायची पद्धत त्या घरात नव्हती.

अख्खी गल्ली या नणंदेला इस्त्रीआत्या म्हणायची. भावाच्या घरामागे तिनं स्वतः उभी केलेली पत्र्याची शेड, शेडमध्ये जळकी घोंगडी अंथरलेलं इस्त्रीचं टेबल आणि टेबलाखाली कोंबड्यांचं खुराडं. नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा तिनं ना भांडी मागितली, ना दागिने. निखाऱ्यांची इस्त्री तेवढी उचलली. नवरा दारात आडवा आला होता म्हणतात. पण इस्त्री गरम होती.

तेवढ्यात आत्याचा हा धाकटा भाऊ बनियनवर बाहेर आला. संध्याकाळी त्याच्या गोदामाचे साहेब जेवायला यायचे होते आणि दोन दिवस त्याच्या पायाला भिंगरी होती.

"ताई, घोळ घालू नकोस. नाहीतरी मरणारच आहे भुरी. मरायच्या आत कापू, रस्सा तरी होईल."

"आजारी कोंबडी साहेबाला वाढणार? तुला बढती हवीय की हकालपट्टी?"

"मग काय, अंडी न देणारी कोंबडी पोसत बसायची?"

"मी तरी कुठं अंडी देते? मलाही चढव चुलीवर."

भावजयीला हसू फुटलं. भावानं डोळे वटारले तसं तिनं ते पदरात दाबलं.

"घर माझं आहे, ताई."

"आहे ना. घरात जाऊन सांग. या पत्र्याखाली माझं चालतं. भुरीला हात लावून दाखव."

आत्याच्या हातात इस्त्री होती. भाऊ उंबऱ्यापाशीच थांबला.

तिनं चुलीवरचं पाणी खळीच्या घमेल्यात ओतलं, कोपर बुडवून बघितलं, थोडं गार मिसळलं. भुरीला पोटापर्यंत त्यात बसवलं. कोंबडी आधी फडफडली, मग मान टाकून निमूट बसली.

"पोट दाबून काढू का?" भावजयीनं विचारलं. आता तिच्या जिवाला लागलं होतं.

"खबरदार! आत फुटलं तर संपलीच ती. तू तेलाची बाटली आण."

बोटाला तेल घेऊन आत्यानं ते भुरीच्या शेपटीखाली अलगद फिरवलं, जोर कुठंच केला नाही. मग कोरडं फडकं हवं होतं. टेबलावर भावाचा पांढरा शर्ट नुकताच इस्त्री होऊन पडला होता, ऊबदार. आत्यानं भावाकडं एकदा पाहिलं आणि भुरीला त्यातच गुंडाळलं.

"ताई! तो संध्याकाळचा आहे!"

"साहेब शर्ट खायला येणारेत का?"

तिला एका टोपलीत घालून, टोपली निखाऱ्यांच्या कडेला ठेवून आत्या ओल्या चादरींवर इस्त्री फिरवू लागली. शेडभर वाफ झाली. भावजय टोपलीशी उकिडवी बसली. भाऊ जाऊ शकला असता, पण गेला नाही.

बऱ्याच वेळानं टोपलीतून घोगरा आवाज आला. भुरीनं अंग ताणलं, थरथरली, पुन्हा ताणलं. आणि शर्टाच्या खिशापाशी काहीतरी ओघळलं. कवच नसलेलं, नुसत्या कातडीचं, पिचकं अंडं.

"आलं!" भावजय ओरडली. "वन्सं, आलं बघा!"

"माझा शर्ट," भाऊ म्हणाला. पण वाकून बघत होता तोही. "पुन्हा अडली तर?"

"पुन्हा शेकीन."

"आणि अंडीच बंद झाली हिची?"

"झाली तर झाली. टेबलाखाली बसेल. माझ्या कमाईचं खाईल, तुझ्या नाही."

भुरी डुलत उठली, वाटीतलं पाणी चोच वर करून गिळू लागली. आत्यानं अंड्यांची जुनी टरफलं वरवंट्यानं चुरली आणि पुढच्या अंड्याला कवच धरावं म्हणून तिच्या दाण्यात मिसळली.

"साहेबाला वांग्याची भाजी घाल गं," ती भावजयीला म्हणाली. "तोंड वाकडं केलं, तर म्हणावं मागं शेडमध्ये जाऊन बोला. आणि तू काय बघत उभा? तो रेघांचा शर्ट आण जा."

तिनं इस्त्रीतली राख झटकली, नवे निखारे भरले आणि पाण्याचे चार थेंब उडवून बघितले. इस्त्री चरचरली. तिनं पुढची चादर ओढली.