शेंगदाणेचोर

माझ्या डब्याचं झाकण तो न विचारता उघडायचा, आत बघायचा आणि मान हलवायचा. "आजही चोरलेसच शेंगदाणे."

पहिल्यांदा मी झाकण त्याच्या बोटांवर आपटलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात, हॉस्पिटलात आम्ही एकाच वॉर्डात नर्स. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, आणि हा उंच, गंभीर चेहऱ्याचा माणूस बोटं चोळत चक्क खूश दिसत होता.

मग त्याने समजावलं. तो बुर्किना फासोतल्या एका लहान खेड्यातला. मातीची घरं, बायकांनी रंगवलेल्या भिंती. त्याची आई त्यात पटाईत. पलीकडच्या गावांत बिसा लोक. ते शेंगदाण्यासाठी विहिरीतही उडी मारतील, असं याच्या गावचं म्हणणं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना तोंडावर वाटेल ते बोलायचं आणि कुणी रागवायचं नाही, हा तिथला जुना रिवाज.

"इथे आल्यापासून मला कुणी शिवी दिली नाही," तो म्हणाला. "सगळे नो वरीज म्हणतात. आजपासून तू माझी बिसा."

मराठी बाईला ही जबाबदारी जड नाही. मी म्हणायचे, "तुझ्या गावात आहे काय? एक विहीर आणि दोन शेळ्या." तो दुरुस्ती करायचा, "त्यातली एक लंगडी." आम्ही असे भांडायचो की एका नव्या सिस्टरने इनचार्जकडे तक्रार केली. तुमच्याही कामावर असा एखादा असेल, ज्याच्याशी भांडल्याशिवाय दिवस सुरू होत नाही.

त्याच्या गावी मयताला बिसा लागतातच. ते गेलेल्या माणसाचे कपडे घालतात, त्याच्यासारखे चालतात, बोलतात, वाट अडवतात. घरचे हसले की मगच वाट सोडतात.

"आणि नाही हसले तर?" मी विचारलं होतं.

"मग गेलेलं माणूस घरातच अडकतं."

पावसाळ्यात त्याची आई गेली. तिकडे लगेच पुरतात. इथून तीन विमानं आणि पुढे बस. तो शिफ्टला आला. सगळ्यांनी आवाज खाली आणले, कार्डावर सह्या केल्या, खांद्यावर हात ठेवले. तो प्रत्येकाला थँक्यू म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसला. झाकण उघडलं नाही.

गावातले सगळे हसून मोकळे झाले असणार. हा एकटा राहिला होता.

त्याची आई मी फोनवर पाहिली होती. म्हणजे तिचा कान आणि डोक्याला गुंडाळलेल्या फडक्याची कड. व्हिडिओ कॉललाही ती फोन कानालाच लावायची आणि ओरडायची. काय म्हणते ते तो मला सांगायचा. मी टॉवेल डोक्याला गुंडाळला, मोबाइल कानाला दाबला आणि भर टीरूममध्ये ओरडले, "जेवलास का? खोटं बोलू नकोस. त्या शेंगदाणेचोर बाईचं खाल्लंस ना?"

शेजारच्या सिस्टरने माझा हात घट्ट धरला. तो मात्र हसला. टेबलावर डोकं टेकून हसला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. बऱ्याच वेळाने डोळे पुसून म्हणाला, "निघाली."

पुढे त्याला ॲडलेडला नोकरी लागली. जाताना म्हणाला, "तुझ्याकडे कुणी गेलं तर कळव. वाट अडवायला येतो."

गेल्या जूनमध्ये नाशिकला माझी आई गेली. मला पोचता आलं नाही. त्याचा नंबर लावला. तो आता भलत्याच कुणाचा आहे. शिफ्टला गेले. सगळे फार चांगले वागले. कार्ड होतं, फुलं होती.

जेवणाच्या सुट्टीत डबा समोर ठेवला. झाकण मी उघडलं नाही.